शिकाऊ विमान: पंधरा उड्डाणं फुकट, सोळावं जमिनीत

चाळिशी उलटल्यावर रिमोटवर विमानं उडवायचा नाद लागला. शिकणाऱ्यांसाठीचं फोमचं विमान घेतलं: पंखांची लांबी १.२ मीटर, चार चॅनेल (म्हणजे रिमोटवरून चार गोष्टी वेगवेगळ्या हलवता येतात), रिमोट, बॅटरी, चार्जर सगळं एकाच खोक्यात. दोन महिने, चाळीसेक उड्डाणं आणि सहा आपट्यांनंतर हे लिहितोय.

विमान चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकतो. पंख अंगाच्या वर बसवलेले आणि टोकांकडे किंचित उचललेले, त्यामुळे रिमोटवरची स्टिक (दांडी) सोडली की ते हळूहळू आपलं आपण सरळ होतं. प्रोपेलर मात्र नाकावर आहे, म्हणजे पहिला मार त्यालाच. माझे तीन गेले, खोक्यात जादा मिळाला एकच.

माझी खरी तक्रार जायरोच्या (विमानाचा कल ओळखून ते आपोआप सावरणाऱ्या यंत्राच्या) शिकाऊ मोडबद्दल आहे, आणि तीही तो फार चांगला असल्याबद्दल. त्यात विमान ठरावीक कोनापलीकडे कलतच नाही. पहिल्याच दिवशी मला वाटलं, आपल्या रक्तातच आहे हे! त्याच मोडवर पंधरा उड्डाणं काढली आणि शिकलो शून्य. सोळाव्याला जायरो बंद केला. अर्ध्या मिनिटात विमान जमिनीत.

झालं असं, की विमान तोंड माझ्याकडे करून येत होतं. लांब जाताना त्याचं डावं ते आपलं डावं, समोरून येताना सगळं उलटं. माझ्या उजव्या हाताचा पंख खाली जाताना दिसला, मी घाबरून स्टिक डावीकडे ढकलली, ते आणखी कललं. मग एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची पट्टी) ओढला, तर वर चढायच्या ऐवजी वळण आवळत खाली आलं. आता एकच लक्षात ठेवतो: समोरून येताना जो पंख खाली दिसेल, स्टिक तिकडेच न्यायची. पंखाला खालून टेकू दिल्यासारखी. हे माहितीपुस्तिकेत कुठेही नाही.

नाक पार चेपलं होतं. मोटर आणि तिचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर काढला, नाक बादलीवर धरून किटलीतलं उकळतं पाणी सावकाश ओतलं. हा ईपीओ फोम, बारीक फुगवलेल्या मण्यांचा. डोळ्यांदेखत एकेक मणी टम्म होत गेला आणि सुरकुत्या सुटत गेल्या. बायको दारातून म्हणाली, "शुद्धीवर आलं का?" चीर साध्या सुपरग्लूनं चिकटली. (थर्मोकोलच्या विमानाला तो लावू नका, विरघळतं.) पंखाखालच्या दोन खुणांवर बोटं टेकवून तोल पाहिला, तर शेपूट खाली. बॅटरी पुढे सरकवल्यावर जमलं. तसंच उडवलं असतं तर एलिव्हेटरला जरा हात लावताच विमान उसळलं असतं.

चार्जरबद्दल काय बोलावं? बॅटरी तीन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर), ११.१ व्होल्ट, १३०० एमएएच. आठ मिनिटं उडवायचं आणि तास-सव्वा तास चार्जरकडे बघत बसायचं. शिवाय त्यात साठवणुकीचा मोड नाही. लिपो पूर्ण भरून ठेवू नये, सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावी, हे मला कळलं ते पहिली बॅटरी महिनाभर भरलेली राहून फुगल्यावर. आधी रिमोट चालू करायचा, मग विमानात बॅटरी जोडायची, आणि थांबताना आधी बॅटरी काढायची, हा नियम पहिल्या पानावर ठळक हवा होता. मधेच कुठल्यातरी परिच्छेदात मुंगीएवढ्या अक्षरांत आहे. रिमोट नसताना मोटर अचानक फिरली तर बोटं प्रोपेलरपाशीच असतात!

पाचपैकी चार. एक कापलाय तो चार्जर आणि पुस्तिकेचा मिळून. घेणार असाल तर साठवणुकीचा मोड असलेला चार्जर वेगळा घ्या, जादा प्रोपेलर त्याच वेळी मागवा, निदान चार. आणि जायरो तिसऱ्या-चौथ्या उड्डाणातच थोडा थोडा बंद करून बघा, पण वारा पडलेला असताना आणि दोन-तीन चुका सावरता येतील एवढ्या उंचीवर.