दहा बाय बाराचा हॉल: पट्टी, पॅनेल, स्ट्रिप की उभा दिवा?

दांडिया बाजारातल्या जुन्या घराचा पुढचा दिवाणखाना असो की मांजलपूरच्या फ्लॅटमधला हॉल, माप बहुधा दहा बाय बारा फुटांच्या आसपासच निघतं. उंची साडेनऊ धरू. मधोमध पंखा, एका भिंतीला टीव्ही, आणि घर बडोद्यातलं म्हणून जागा असो-नसो, एक झोपाळा. एवढ्या खोलीला उजेड किती हवा हे काढणं सोपं आहे. तो कुठून यावा, तिथे गडबड होते.

आधी हिशेब. १२० चौरस फूट म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. उठण्या-बसण्याला दर चौरस मीटरवर १५० ल्यूमेन (ल्यूमेन हे उजेडाचं माप) पोचले की भागतं, म्हणजे १,६५०. भिंती, छत आणि दिव्यावरची धूळ बराच उजेड खातात, म्हणून दिव्यांतून २,५०० तरी निघायला हवेत. भिंती गडद असतील तर आणखी. बरी एलईडी वॅटमागे १०० ल्यूमेन देते, तेव्हा सगळ्या हॉलला २५ ते ३० वॅट पुरे. दुकानात कोणी ८० वॅट सुचवत असेल तर तो उजेड विकत नाही, माल विकतोय.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त नावं ठेवलेली वस्तू म्हणजे भिंतीवरची पट्टी, आजच्या भाषेत बॅटन. चार फुटी, २० वॅट, सुमारे २,००० ल्यूमेन. रोज पाच तास जळली तर महिन्याला ३ युनिट. तिचा एक गुण कोणी सांगत नाही: ती भिंतीवर साडेसात-आठ फुटांवर, म्हणजे पंख्याच्या पात्यांखाली बसते. त्यामुळे पात्यांची सावली फार तर छतावर फिरते, वाचणाऱ्याच्या पानावर नाही. दोष मात्र ठळक आहे. समोर बसलेल्याच्या ती थेट डोळ्यांत येते, आणि टीव्हीसमोरच्या भिंतीवर असली तर पडद्यावर पांढरी रेघ उमटते. म्हणून टीव्हीच्या भिंतीवर नको, तिच्या समोरच्याही नको. बाजूच्या भिंतीवर लावा. जुन्या ट्यूबच्या पट्टीत एलईडी ट्यूब नुसती अडकवू नका. स्टार्टर काढून, चोक वगळून वायरिंग बदलावं लागतं, नाहीतर ती लुकलुकते किंवा लवकर जाते. त्यापेक्षा जुनी पट्टी उतरवून पूर्ण बॅटन लावणं बरं.

छतावरची गोल किंवा चौकोनी पॅनेलं दिसायला नीटस. आठ-आठ वॅटची चार बसवली की २,८०० ल्यूमेनच्या आसपास उजेड, महिन्याला पावणेपाच-पाच युनिट. फॉल्स सीलिंग नसेल तर स्लॅबवर वरून बसणारी, सरफेस प्रकारची मागा. खरी मेख पंख्याची आहे. ४८ इंची पंख्याचं पातं मध्यापासून दोन फूट पोचतं आणि छताखाली फूटभर फिरतं. पॅनेल त्याच्या जवळ आलं की पाती त्याचा उजेड कापत राहतात, आणि खोलीभर अशी फडफड चालते की दहा मिनिटांत डोकं चढतं. दिवा बदलून ती जात नाही, जागा बदलावी लागते. दहा बाय बारात उपाय सरळ आहे: प्रत्येक पॅनेल आपल्या कोपऱ्याच्या दोन्ही भिंतींपासून दोन-दोन फुटांवर. मग ते पंख्याच्या मध्यापासून बरोब्बर पाच फुटांवर येतं आणि पात्याला शिवत नाही. फ्लॅटच्या छतात मात्र चार कोपऱ्यांत पॉइंट आधीच ठेवलेले क्वचितच असतात. मग वायर झाकणारी केसिंगची पट्टी छतावरून धावते आणि नीटसपणाचे बारा वाजतात. लाकडी तुळयांच्या जुन्या घरात तर पॅनेलाचा विचारही करू नये. दोन तुळयांमधल्या खाचेत अर्धा उजेड अडकतो.

आता स्ट्रिप, म्हणजे एलईडीची लवचीक फीत आणि पीओपीच्या कडेतून झिरपणारा तिचा उजेड. फोटोत सगळ्यात सुंदर, नांदवायला सगळ्यात अवघड. दहा बाय बाराचा घेर ४४ फूट, म्हणजे साडेतेरा मीटर. पाच मीटरची जवळजवळ तीन रिळं. मीटरला ९.६ वॅटची स्ट्रिप घेतली तर एकूण १३० वॅटच्या आसपास आणि महिन्याला १९ युनिट, तेही छतावर आपटून उरलेल्या उजेडासाठी. १२ व्होल्टची स्ट्रिप एका टोकाने सलग दहा मीटर चालवली की पुढे पुढे मंदावत जाते. म्हणून दर पाच मीटरला ड्रायव्हरपासून, म्हणजे घरची वीज एलईडीजोगी करणाऱ्या डबीपासून, वेगळी वायर न्यायची. ड्रायव्हर काठोकाठ नको: ४८ वॅटच्या रिळाला ६० वॅटचा. तो पीओपीच्या आत कायमचा बुजवणं ही नेहमीची चूक. वरच्या मजल्यावर मे महिन्यात स्लॅब तापलेला असतो, आत हवा नसते, आणि मग स्ट्रिप धड असून ड्रायव्हर आधी जातो. तो काढायला पीओपी फोडायचं. माळ्यावर, हात पोचेल अशा जागी ठेवा. स्लॅब आणि कड यांत निदान चार इंच मोकळे हवेत, नाहीतर उजेड पसरत नाही, काठाशी नुसती झगझगीत रेघ दिसते. हे सगळं करून छत अर्धा फूट खाली येतं ते वेगळंच. साडेनऊ फुटांच्या हॉलला हा सौदा परवडत नाही, असं आमचं मत. टीव्हीमागे दोन मीटर स्ट्रिप लावून हौस भागते.

उभा दिवा एकटा हॉल उजळत नाही, पण संध्याकाळचा हॉल खरा त्याच्यामुळेच बसण्याजोगा होतो. ९ वॅट, २,७०० ते ३,००० केल्विन (हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा), पिवळसर. शेडची खालची कड जमिनीपासून ४० ते ४२ इंचांवर, म्हणजे बसलेल्याच्या डोळ्यांच्या जरा खाली, म्हणजे बल्ब टोचत नाही. घेण्याआधी होल्डर पाहा: अशा दिव्यांना बहुधा आट्यांचा बल्ब लागतो आणि घरात साठा असतो पिनच्या बल्बांचा. शेड पूर्ण बंद काचेची असेल तर ५ ते ७ वॅटवर थांबा, कारण कोंडलेल्या उष्णतेने एलईडी लवकर मरते. आणि झोपाळा असलेल्या घरात उभा दिवा ठेवताना पुढे-मागे झोका किती जातो ते एकदा मोजून घ्या. जागा नसेल तर साडेपाच फुटांवर भिंतीवरचा दिवा. वायर पायात येत नाही आणि पोरांच्या झोक्यापासूनही दिवा वाचतो.

म्हणून या मापाच्या हॉलला आमची पसंती ४,००० केल्विनची २० वॅटची बॅटन बाजूच्या भिंतीवर आणि एक ९ वॅटचा पिवळसर दिवा झोपाळ्याशी किंवा सोफ्याच्या कोपऱ्यात, दोघांना वेगळी बटणं. मिळून २,९०० ल्यूमेन, आणि दोन्ही रोज पाच तास जळले तरी महिन्याला साडेचार युनिटच्या आत. पॅनेलं तेव्हाच, जेव्हा घराचं वायरिंग नव्याने होतंय. ६,५०० केल्विनचा पांढराशुभ्र दिवा हॉलमध्ये नको: माणसं फिकट दिसतात, आणि पावसाळ्यात पाखरंही त्यावर जास्त येतात.

खोक्यावर वॅट मोठे आणि ल्यूमेन गायब असतील तर खोकं परत ठेवा. सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ८० च्या खाली नको, ९० मिळालं तर साडीचा रंग साडीचा दिसतो. पेटलेल्या दिव्यावर मोबाइलचा कॅमेरा धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना ठळक दिसले तर आतला ड्रायव्हर हलका आहे. घरी लावल्यावर बटण बंद करूनही दिवा मिणमिणत राहिला तर लगेच दुकानदाराशी भांडू नका. बहुधा बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं असतं किंवा बटणातच इंडिकेटर असतो. वायरमनला आधी तेच बघायला सांगा.

आणि भिंतीला ड्रिल लावण्याआधी दोन रात्री एक्स्टेन्शन बोर्ड आणि होल्डरमध्ये ९ वॅटचा बल्ब घेऊन तो वेगवेगळ्या जागी टांगून पाहा. एकदा टीव्ही चालू ठेवून, एकदा झोपाळ्यावर पेपर घेऊन. जिथे पानावर तुमच्या स्वतःच्या डोक्याची सावली पडत नाही, तिथे पेन्सिलीने खूण करा.