साखर पेठेतले चादरींचे दुकान आणि वजनाची गोष्ट

सोलापुरात जन्म काढून चादर घेताना फसणे ही चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. पण या दुकानाविषयी लिहायचे तर तिथूनच सुरुवात करावी लागते. दोन वर्षांपूर्वी शहरातल्याच एका दुकानात विक्रेत्याने चादर माझ्या हातांवर ठेवली आणि म्हटले, "मालक, वजन बघा. शंभर टक्के सुती चादर जडच असते." चादर खरोखरच जड होती. मी ती सुती समजून घरी आणली. दोन धुण्यांत खळ निघून गेली, चादर हलकी झाली आणि वैशाखात अंगाला चिकटू लागली.

गंमत अशी की विक्रेत्याचे वाक्य खरे धरले, तरी माझा निष्कर्ष चुकीचाच ठरतो. 'सुती असेल तर जड असेल' यातून 'जड आहे म्हणून सुती आहे' असे निघत नाही. आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, हा मुद्दा धूर आणि अग्नी यांच्या उदाहरणाने शिकवतात. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरे; पण जिथे अग्नी तिथे धूर, असे म्हणता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी सरपण ओले असावे लागते. माझी चादर म्हणजे तो लोखंडाचा गोळा होता: वजन होते, सूत नव्हते, आणि वजन आले होते खळीमुळे. बारावीला तर्कशास्त्र घेऊन, 'जर-तर' वाक्याचे पूर्वांग-उत्तरांग (जरचा भाग आणि तरचा भाग) घोकून परीक्षा दिलेल्या माणसाने हे दुकानातच ओळखायला हवे होते.

यंदा पुतणीच्या लग्नात आहेरासाठी सहा चादरी हव्या होत्या, म्हणून एका शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून साखर पेठेतल्या या दुकानात गेलो. दुकान लहान आहे, उजेड कमी आहे आणि गाडी लावायला जागा नाही. मालक वयस्कर आहेत. आत मुलाशी तेलुगूत आणि गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतात. मी सवयीने चादर हातावर तोलू लागलो तेव्हा ते म्हणाले, "अहो, वजनावर जाऊ नका, धागा जाळून बघा." त्यांनी चादरीच्या कडेचा एक उभा आणि एक आडवा धागा काढला आणि दोन्हींना वेगवेगळी काडी लावली. उभा धागा मिश्र आणि आडवा सुती, असा माल बाजारात असतो, त्यामुळे एकच धागा जाळून भागत नाही, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले. दोन्ही धागे कागदासारखे जळले, कागद जळल्यासारखाच वास आला आणि बोटांत चुरगळेल अशी मऊ राख उरली. पॉलिएस्टर असते तर ते वितळून त्याचा टणक मणी झाला असता.

मला दुकान आवडले ते त्यानंतरच्या वाक्यामुळे. मी उत्साहाने "म्हणजे शुद्ध सुती ठरली," असे म्हटले, तर मालक म्हणाले, "तसं नाही. मणी झाला तर सुती नाही, हे नक्की. मणी नाही झाला तर व्हिस्कोजही असू शकतं, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेलं सूत, तेही कागदासारखंच जळतं. तेवढ्यापुरतं माझ्या शब्दावर घ्यावं लागेल." स्वतःच्या मालाची परीक्षा कुठवर चालते आणि कुठे थांबते, हे गिऱ्हाइकाला आपणहून सांगणारा दुकानदार मला आजवर भेटला नव्हता. आमच्या प्राध्यापकांनी हेच समजावायला एक अख्खा तास घेतला होता.

नुसत्या 'सोलापुरी' या छापावरही त्यांचा भर नव्हता. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि त्याच कारणाने ते नाव छापण्याचा मोह बाहेरच्यांनाही होतो. त्यामुळे अस्सल चादरीवर नाव असते, म्हणून नाव असलेली प्रत्येक चादर अस्सल, हा पुन्हा तोच उलटा तर्क होतो.

माल चांगला निघाला. जॅकार्डची नक्षी दोन्ही बाजूंनी नीट उठली आहे आणि कडा सरळ शिवल्या आहेत. सहापैकी एक चादर मी घरी ठेवून घेतली आणि धुण्याआधी व धुऊन वाळल्यावर किराणा दुकानाच्या काट्यावर तोलली. फरक अगदी किरकोळ आला. पहिल्या धुण्यात लाल रंग थोडा उतरला. त्यावर आमच्या घरून "अस्सल सुती आहे, म्हणूनच रंग जातो" असा निर्वाळा मिळाला. मी गप्प बसलो, पण रंग पक्का नव्हता एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि ही तक्रार मी मालकांना सांगितली आहे. भाव एकच सांगतात, घासाघीस चालत नाही; पावती मात्र न मागता देतात.

तिथूनच दोन टेरी टॉवेलही आणले आहेत. ते अजून वापरले नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी काही लिहीत नाही.