मंगळावरच्या ड्रिलचं सरावाचं किट: घ्यावं का?

पुण्याच्या तपकीर गल्लीत सुट्या भागांत मिळणारं हे किट कॉलेजच्या रोव्हर (परग्रहावर फिरणारी यंत्रगाडी) बनवणाऱ्या टीमनी जरूर घ्यावं, पण आहे तसं वापरू नये. १२ व्होल्टची गिअर मोटर, स्टेपर (ठरावीक टप्प्यांनी, म्हणजे स्टेप्सनी, फिरणारी मोटर), ८ मिमीचा लीड स्क्रू (फिरला की ड्रिल वर-खाली सरकवणारा), ऑगर बिट (चुरा वर आणणाऱ्या सर्पिल खाचांचं पातं), आर्डुइनो (हे सगळं चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड). सांगाडा दणकट आहे, बिट डगमगत नाही.

खरी गोची पुस्तिकेत आहे. बिट अडकला तर पाणी सोडा, असं त्यात लिहिलंय! मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या १ टक्क्याहूनही कमी. तिथे पाणी टिकत नाही. शिवाय बाहेरचं पाणी म्हणजे नमुन्यात आपलेच जंतू. चुरा कोरडाच वर यायला हवा. म्हणून ५ मिमी खाली, मग बिट पूर्ण वर, चुरा झाडा, पुन्हा ५ मिमी. घाई केली की चुरा खाचांत घट्ट बसतो, मोटर तापते, स्टेपरच्या स्टेप्स चुकतात आणि खोलीचा आकडा खोटा येतो. करंट सेन्सर दिलेला नाही, हे फार खटकतं. वेगळा बसवा, करंट चढला की बिट लगेच उलटा फिरवा.

खोली जेमतेम १० सेंमी मिळते. नासाच्या मंगळावरच्या क्युरिऑसिटी रोव्हरचा ड्रिलही साधारण ६ सेंमीच जातो. किरणोत्सारापासून वाचलेले सेंद्रिय रेणू गाठायला युरोपच्या रोझालिंड फ्रँकलिन या मंगळ रोव्हरचा ड्रिल २ मीटरसाठी बनवलाय. सरावाला प्लास्टर ऑफ पॅरिसचा पूर्ण वाळलेला ठोकळा पुरतो. नुसत्या स्पिरिटने जंतूंचे चिवट बीजाणू मरत नाहीत, त्यामुळे बिट प्रेशर कुकरमध्ये २० मिनिटं वाफवा आणि तुलनेसाठी एक कोरा (जंतू नसलेला) नमुना वेगळा ठेवा.