कलाशाळेतली इंटर्नशिप: हाताने काम करायचं असेल तर जरूर जा

ना-नफा तत्त्वावर चालणारी ही कलाशाळा इंटर्नला नुसतं फायलींवर बसवत नाही. मला मातकाम विभाग मिळाला. मळलेल्या मातीत हवा राहिली का, हे ताईंनी गोळा तारेने मधोमध कापून दाखवलं. पहिली भाजणी साधारण १००० अंश सेल्सिअसला. नंतर भट्टी पुरती निवेपर्यंत उघडायची नाही, नाहीतर भांडी तडकतात. ती वाट बघणं जिवावर येतं! मानधन जेमतेम, वेळापत्रक विस्कळीत; देणगीदारांना पत्रं लिहायचं कामही गळ्यात पडतं. पण वर्ग सुटल्यावर चाक रिकामं असेल तर खुशाल बसा, माती शाळेचीच. जमलं तर विणकाम विभागही मागून घ्या. तिथल्या बाई ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, लावायला शिकवतात ते अफाट आहे.