मिलडॉट स्कोप, सहा-सात महिन्यांनंतर: ठिपके ठीक, रिंगचं काय?

परवा दुकानदाराशी वाजलं, म्हणून आता लिहितोच. ४ ते १२ पटीचा, पुढे एओ (अंतरानुसार चित्र स्वच्छ करायची कडी) असलेला मिलडॉट स्कोप, म्हणजे नेमाच्या फुलीवर मापाचे ठिपके असलेली बंदुकीवरची दुर्बीण. किंमत साडेआठ हजार. दिवाळीपासून ०.१७७ इंची छर्र्याच्या स्प्रिंग एअरगनवर बसवलाय. काच चांगली, धुकं धरत नाही. संध्याकाळी झाडीच्या सावलीत काळं रेटिकल (ती फुली आणि ठिपके) दिसेनासं होतं, पण ते या किमतीत चालायचंच.

मुद्दा पट बदलायच्या रिंगचा. ती सैल आहे. रेटिकल सेकंड फोकल प्लेनमध्ये, म्हणजे पट बदलली तरी ते तेवढंच दिसतं आणि ठिपक्यांमधलं अंतर (१ मिल, म्हणजे लक्ष्याच्या अंतराचा हजारावा भाग) एकाच पटीला खरं. कागदपत्रात लिहिलंय १० पट. ५ पटीवर आलात की तेच अंतर २ मिलचं होतं. त्यात स्प्रिंगची बंदूक आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते, आणि रिंग गुपचूप खाली सरकते. १० आणि ८ मधला फरक डोळ्याला कळत नाही. पण रिंग ८वर असताना ५० मीटरला फुलीऐवजी खालचा दुसरा ठिपका नेमावर धरला, तर छर्रा अडीच सेंटीमीटर वर जातो. मी कितीतरी दिवस छर्र्यांच्या डब्यांना शिव्या घालत होतो.

शेवटी अप्पा बळवंत चौकातून आलेख कागद आणला. १० मीटरवर १ मिल म्हणजे १ सेंटीमीटर, त्यामुळे याहून स्वस्त चाचणी नाही. टेपने १० मीटर मोजून कागद लावला, एओ फिरवून चित्र स्वच्छ केलं. रिंग १०वर ठेवली तर ठिपके चौकोनांच्या किंचित आत पडत होते. साडेनऊच्या आसपास आणली आणि वरपासून खालपर्यंत प्रत्येक ठिपका जाड रेघेवर बसला. इथे माझं मत बदललं. रिंगवरचा आकडा चुकीचा छापलाय, पण रेटिकल बनवणाऱ्याने काम चोख केलंय.

मग सासवडजवळ मित्राच्या शेतात, मागे मातीचा मोठा ढीग ठेवून (दगडावर मारू नका, छर्रा उलटतो) अंतरं बदलून पाहिली. झिरो, म्हणजे छर्रा बरोबर फुलीवर लागतो ते अंतर, २५ मीटरला. ४० मीटरवर छर्रा साधारण एक ठिपका खाली, ५०वर दोन. गंमत १० मीटरची: तिथेही एक ठिपका खालीच, किंबहुना त्याहून थोडासा आणखी खाली! स्कोप बंदुकीच्या नळीपेक्षा साडेचार सेंटीमीटर उंच बसलाय, त्यामुळे इतक्या जवळ छर्रा नजरेच्या रेषेपर्यंत चढलेलाच नसतो. म्हणजे १० आणि ४०ला जवळपास एकच ठिपका. हे कळल्यावर बाकरवडीच्या रिकाम्या पाकिटावरचं एकेक अक्षर निवडून मारता यायला लागलं. दुपारनंतर माळावर वारा सुटला की ५०चा नाद सोडायचा.

तर दुकान. सैल रिंगची तक्रार घेऊन गेलो, तर तिथला मुलगा म्हणाला, "काका, स्प्रिंगचा धक्का वॉरंटीत बसत नाही."
"मग खोक्यावर 'स्प्रिंग एअरगनसाठी' कशाला छापलंय?"
"ते कंपनीला विचारा."
वर कुरिअरचा जाता-येता खर्च माझा! मी स्कोप पिशवीत घालून परत आणला.

सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा कापला आणि रिंग आणि स्कोपच्या नळीच्या सांध्यावर ताणून चढवला. साडेनऊच्या जागी बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. खर्च शून्य. तेव्हापासून रिंग हललेली नाही. फर्स्ट फोकल प्लेनचा घ्या म्हणणारे भेटतीलच, त्यात रेटिकल पटीबरोबर लहान-मोठं होतं, ही कटकटच नाही. पण तो माझ्या बंदुकीपेक्षा महाग पडतो.

हाच स्कोप घेणार असाल तर काचेतून बघायच्या आधी रिंग फिरवा. लोण्यासारखी फिरली तर दुसरा नग मागा.