बाळ कुठं ठेवता, हे आधी विचारा (सांगलीतल्या एका मॅटर्निटी हॉस्पिटलचा अनुभव)

डिलिव्हरीसाठी हॉस्पिटल बघायला गेलं की आपण काय विचारतो, रूमला एसी आहे का, नॉर्मलचं पॅकेज किती, सिझरचं किती, सोबत किती माणसं राहू शकतात. हे सगळं विचाराच, पण अजून एक विचारा की बाळ जन्मल्यावर कुठं ठेवता आणि पहिलं दूध कधी पाजायला देता. माझ्या मते हॉस्पिटल कसं आहे ते या एका प्रश्नाच्या उत्तरात कळतं. माझी डिलिव्हरी विश्रामबाग भागातल्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलात झाली. नाव लिहीत नाहीये कारण कौतुकासोबत एक तक्रार पण आहे, पण सांगली-मिरजेत कुठंही जाणार असाल तरी उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय.

माझं सिझर झालं. मणक्यात इंजेक्शन होतं त्यामुळं मी जागी होते, आणि बाळ रडलं, पुसलं, डॉक्टरांनी बघितलं की लगेच माझ्या छातीवर उघडंच ठेवलं, वरनं गरम चादर. टाके घालणं चालूच होतं तिकडं. मला वाटलं होतं सिझर म्हंजे बाळ आधी बाहेर नातेवाईकांना दाखवणार, फोटो होणार, मग काचेत आणि मग कधीतरी माझ्याकडं. इथं उलटं, वजन आणि बाकीची कामं नंतर, आणि रिकव्हरीत आणल्यावर पहिल्या तासाच्या आतच बाळ अंगावर प्यायला लागलं. सिस्टर तोपर्यंत शेजारीच उभ्या होत्या.

आता हे काही त्या हॉस्पिटलनं शोधून काढलेलं नाही. डब्ल्यूएचओ आणि युनिसेफनं 1989 मध्येच स्तनपानाच्या दहा पायऱ्या सांगितल्यात, 1991 पासून त्यावर बाळस्नेही हॉस्पिटलची योजना सुरू आहे आणि 2018 मध्ये त्या पायऱ्या पुन्हा सुधारून आल्या. आपल्या सरकारचा पण स्तनपानासाठी 2016 पासून ‘मा’ नावाचा कार्यक्रम आहे. पण NFHS-5 म्हंजे 2019-21 च्या सरकारी पाहणीत देशात 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली आणि पहिल्या तासात दूध मिळालेली बाळं फक्त 41.8 टक्के. म्हंजे बाई दवाखान्यात पोचतेय पण बाळ तिच्या छातीशी वेळेत पोचत नाही. कागदावर सगळीकडं सगळं असतं, प्रत्यक्षात कोण करतं ते बघायचं. इथं या दहा पायऱ्या मराठीत छापून ओपीडीच्या बाहेर लावलेल्या आहेत, आणि भिंतीवर कुठंही पावडरच्या दुधाच्या कंपनीचं कॅलेंडर नाही की गुबगुबीत बाळाचा फोटो असलेलं पोस्टर नाही. 1992 च्या कायद्यानं तसं लावायला आणि फुकट सॅम्पल वाटायला बंदीच आहे, 2003 मध्ये तो अजून कडक झाला, तरी बऱ्याच ठिकाणी बघायला मिळतंच म्हणून मुद्दाम लिहिलं.

आमच्या आत्ती गावाकडनं मध घेऊन आल्या होत्या, बाळाला चाटवायला. सिस्टरनी फार छान सांभाळलं. ओरडल्या नाहीत की हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आत्ती, वर्षाच्या आत मध द्यायचा नसतो, बाळाला त्यातनं विषबाधा होऊ शकते, आणि पहिला मान चिकाचा असतोय की." चिकाचं तर मला फारच पटलं. आपल्याकडं गाय-म्हैस व्यायली की चीक कसा जपून ठेवतात, खरवस घरोघरी वाटतात, आणि बाईचा चीक मात्र घट्ट पिवळा आहे, बाधेल म्हणून पिळून टाकायला सांगतात! बाळाला लागणारी पहिली ताकद त्यातच असते. आणि पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी लागतं किती, तर चमचाभर, पाच-सात एमएल. हे आत्तींना चमचा हातात धरून दाखवलं तेव्हा त्यांची "पोरगं उपाशी हाय" ही काळजी मिटली.

सगळ्यात जास्त काय आवडलं तर शिकवायची पद्धत. दिवसपाळीच्या सिस्टर पलंगाशेजारी स्टूल ओढून बसायच्या. टाक्यांमुळं मला बाळ पोटावर घेता येईना तर उशी कुशीत लावून बाळाचे पाय माझ्या काखेखालनं मागं घेऊन पाजायला शिकवलं. मला नुसतं निप्पल तोंडात गेलं की झालं असं वाटायचं आणि जीव जायचा दुखून. त्यांनी करंगळी बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातनं आत सरकवून हळूच सोडवलं, बाळाचं नाक निप्पलसमोर आणलं, वरच्या ओठाला लागू दिलं, बाळानं मोठा आ केला तसं पाठीला आधार देऊन बाळालाच माझ्याकडं आणलं. खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली, निप्पलखालचा काळा भाग बराचसा तोंडात. त्यानंतर दुखणं कमी झालं आणि बाळ गिळतंय ते ऐकू यायला लागलं. व्हिडिओ मी बरेच बघून गेले होते, पण असं शेजारी बसून हात लावून कुणी दाखवल्याशिवाय कळत नाही. दर वेळी "दाखवू का ताई, हात लावू का" असं विचारूनच हात लावायच्या, हे पण लिहायलाच हवं, कारण बाळंतिणीच्या अंगाला कुणीही येऊन न विचारता हात लावतं.

बाळ पूर्ण वेळ माझ्याजवळ. नंतर थोडी कावीळ निघाली तरी निळ्या लाईटचं मशीन रूममध्येच आणलं, पाजायच्या वेळी बाळ बाहेर काढायचं आणि परत ठेवायचं. सारखं पाजलं की शी जास्त होते आणि कावीळ पण त्यातनंच उतरते असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या. वजन 2 किलो 900 वरनं 2 किलो 700 झालं तेव्हा आईचा चेहराच पडला, पण पहिल्या दिवसांत सात टक्क्यांपर्यंत उतरतंच, चौथ्या-पाचव्या दिवसानंतर दिवसात सहा वेळा शू होतेय ना ते बघा, असं नीट समजावलं.

आता तक्रार. दुसऱ्या रात्री बाळ सारखं रडत होतं, प्यायचं, झोपायचं, परत रडायचं. दुसऱ्या रात्री बहुतेक बाळं असंच करतात आणि त्या सारख्या ओढण्यानंच पान्हा फुटायला मदत होते, पण रात्रपाळीच्या सिस्टरनी मला न विचारता पावडरचं दूध बाटलीत भरून आणलं आणि "दूध पुरत नाही तुम्हाला" असं सासूबाईंसमोर म्हणून गेल्या. टाके दुखत असताना, झोप नसताना बाईला असं बोललेलं किती लागतं ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. मी बाटली परत पाठवली. सकाळी मॅडमना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, माफी मागितली आणि स्टाफशी बोलल्या, त्यानंतर तसं झालं नाही. पण दिवसाचं ट्रेनिंग रात्रीपर्यंत पोचलंच पाहिजे, कारण रडारड आणि निर्णय सगळे रात्रीच होतात.

वरचं दूध देणं म्हंजे पाप असं मी अजिबात म्हणत नाहीये. शेजारच्या रूममधल्या बाळाची शुगर कमी आली तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलं, मोजून दिलं, आणि ते पण बाटलीनं नाही तर बोंडल्यानं, म्हंजे चोचीच्या छोट्या वाटीनं. सोबत आईला हातानं दूध काढून स्टीलच्या वाटीत कसं जमवायचं ते पण शिकवत होते. तिला कुणी टोमणे मारले नाहीत. कारण असेल तर द्यावं, नुसती रात्र शांत जावी म्हणून देऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

बाकी, भेटायला येणाऱ्यांची वेळ नुसती बोर्डवर आहे, प्रत्यक्षात रविवारी रूममध्ये जत्रा असते, आणि पलंगाला पडदा नाही, मी ओढणी घेऊन पाजत होते. जेवण ठीक, अळीवाची खीर आणि डिंकाचे लाडू घरनं आणू देतात. पार्किंग नाही.

डिस्चार्जनंतर वजनाला बोलवतात तेव्हा त्याच सिस्टर पाजताना पण बघतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. घरी गेल्यावर माझ्या एका बाजूला दूध साकळून गाठ झाली होती, फोन केला तर त्यांनी ताप आहे का विचारलं, त्या बाजूनं पाजणं थांबवू नका म्हणाल्या, पाजून झाल्यावर गार पट्टी ठेवायला सांगितली आणि ताप आला तर वाट न बघता लगेच या असं बजावलं. जाणार असाल तर सातव्या-आठव्या महिन्यातच त्यांचा पाजण्याबद्दलचा क्लास करा आणि सोबत आईला किंवा सासूबाईंना नक्की न्या.