साड्यांच्या दुकानाचे एसी सोलरवर : पाचपैकी साडेतीन तारे

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं साड्यांचं दुकान आहे. दोन-दोन टनांचे पाच एसी. “वहिनी, एसीचं बिल शून्य करून देतो” म्हणणाऱ्यांना चहा पाजून परत पाठवलं. ज्यांना काम दिलं, त्यांच्या इंजिनिअरनं कोटेशनच्या आधी एकच विचारलं, “दुकानात गर्दी कधी असते?” एक तारा या प्रश्नाचाच.

कारण आमचं गिऱ्हाईक संध्याकाळचं. सहानंतर पाय ठेवायला जागा नसते, पाचही एसी सुरू, आणि तेव्हा ऊन कुठलं? दुपारी पॅनल जोरात आणि दुकानात आम्ही, घड्या घालणाऱ्या मुली आणि एखादी बस्त्याची चौकशी. नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज मोजणारा मीटर, लागला की जास्तीची वीज महावितरणला जाईल आणि बिलातून वळती होईल, हे चांगलंच. पण एसी सोलरवर चालतात असं म्हणू नये. भर दुपारी लाईट गेली की डोक्यावर रणरणतं ऊन असूनही सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज दुकानात वापरण्याजोगी करणारं यंत्र) बंद. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला धोका नको म्हणून ती व्यवस्थाच तशी असते. बॅटरीनं हे सुटतं, पण पाच एसी ओढणाऱ्या बॅटरीची किंमत ऐकून मामंजींनी विषयच मिटवला.

खरी अडचण मात्र गच्चीची. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, बिनसावलीची जागा लागते. आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, डिशच्या छत्र्या. त्यात वर फ्लॅट, म्हणजे गच्ची सगळ्यांची. “मग पापड-सांडगे कुठं वाळवायचे?” यावर एक काकू अडून बसल्या. ठराव होईपर्यंत दिवाळीचा सीझन गेला. इंजिनिअरनं खडू घेऊन सकाळी, दुपारी आणि उन्हं कलताना सावलीच्या रेघा मारल्या, शिवाय डिसेंबरात सावली आणखी लांबते म्हणून पुढं हातभर जागा सोडली. उरल्या जागेत ५ किलोवॅट बसले. १ किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट धरा, म्हणजे २०. दोन टनांचा एक एसी दिवसभरात १२-१५ युनिट सहज खातो. करा हिशेब. आणि एसी जास्त लागतात त्या एप्रिल-मेत पॅनलही तापतात. तापले की वीज कमी देतात. पावसाळ्याचं तर बोलायलाच नको.

पैशाचं म्हणाल तर २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेतली ७८ हजारांपर्यंतची सबसिडी घरगुतीला आहे, दुकानाला नाही. सीए म्हणाले, आयकरात ४० टक्के घसारा वजा करायला मिळतो, तेवढंच समाधान. शेजारच्या भाडेकरू दुकानदारानं ऐकून हात जोडले. ११ महिन्यांच्या करारावर २५ वर्षांचे पॅनल कोण लावणार? आणि मालक तरी का लावेल, बिल भाडेकरू भरतो!

इन्व्हर्टर त्यांनी तळघरातल्या मीटर रूममध्ये न लावता पोटमाळ्यावर लावला. आमच्याकडे पुराचं पाणी येत नाही, पण २०१९ ला शाहूपुरीतल्या दुकानांची गत त्यांनी पाहिलेली. बरं वाटलं.

आता दीड तारा का कापला ते. गच्चीला भोकं पाडायची नाहीत, सिमेंटचे ठोकळे ठेवायचे, असं ठरलं होतं. मी खाली गल्ल्यावर असताना त्यांच्या कामाच्या पोरांनी ड्रिल मारून मोकळं केलं. पहिल्याच पावसात वरच्या फ्लॅटचं छत ठिबकायला लागलं, तेही पापडवाल्या काकूंचंच! फोनवर नुसतं “उद्या माणूस पाठवतो.” वॉटरप्रूफिंग शेवटी आम्हीच करून घेतलं. नाव देत नाही, कारण नेट मीटरची कागदपत्रं अजून त्यांच्याकडंच अडकलीत.

कुणाला लावायचंच असेल तर ठोकळ्यांचं कोटेशनमध्ये लिहून घ्या, आणि पाहणीला दुपारी चारला बोलवा. पश्चिमेकडच्या इमारतीची सावली सकाळी दिसत नाही.